पाचवीनंतर कोणती मराठी शाळा? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पालकांसाठी

माझा पुतण्या सातवीपर्यंत वर्गात पहिल्या तिघांत असायचा. गावची सरकारी मराठी शाळा सातवीला संपली. मराठी हायस्कूल सात किलोमीटरवर आणि सकाळची बस वेळेवर येईल याचा भरवसा नाही, म्हणून दादानं त्याला जवळच्या कन्नड माध्यमाच्या आठवीत घातलं. पोराला कन्नड बोलता येत होतं, थोडंफार वाचताही येत होतं. पण फळ्यावर ‘त्रिभुजद विस्तीर्ण’ लिहिलं की ते त्रिकोणाचं क्षेत्रफळ आहे हे कळायलाच त्याचा अर्धा तास जायचा. तोवर वर्ग पुढे गेलेला असायचा. नववीत त्यानं शाळा सोडली.

त्यात पोराची चूक नव्हती आणि शिकवणाऱ्यांचीही नव्हती. आम्ही मोठ्या माणसांनी शाळा निवडताना दोनच वर्षं पुढचं पाहिलं होतं. म्हणून माझ्या मुलीची पाचवी संपत आली तेव्हा आम्ही तीन महिने आधी सुरुवात केली, चार शाळा पायाखाली घातल्या आणि प्रत्येक शाळेसाठी वहीचं एक पान केलं. त्यातून जे उमगलं ते क्रमानं सांगतो. हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीत सुरू करा. आपल्याकडे शाळा मे महिन्याच्या अखेरीस उघडतात, महाराष्ट्रासारख्या जूनच्या मध्यावर नाहीत. मे महिना लग्नकार्यात आणि शेताच्या मशागतीत कधी सरतो ते कळत नाही.

पहिलं काम: दहावीपासून मागे या

कर्नाटकात कनिष्ठ प्राथमिक शाळा पहिली ते पाचवी असते. वरिष्ठ प्राथमिक पहिली ते सातवी, काही ठिकाणी आठवीपर्यंत. हायस्कूल आठवी ते दहावी. म्हणजे ज्याला आपण मधली शाळा म्हणू, ती सहावी-सातवी-आठवी आपल्याकडे बहुतेक वेळा एका छपराखाली नसतेच. दोन वर्षं एका शाळेत, मग पुन्हा दाखला काढून दुसरीकडे. त्यात भर म्हणजे सरकारी मराठी शाळा गावोगाव असल्या तरी मराठी माध्यमाची हायस्कुलं बहुतेक संस्थांची, अनुदानित आहेत आणि ती ठरावीक गावांत आहेत.

म्हणून कागदावर उलटी रेघ ओढा. मूल दहावीची परीक्षा कोणत्या माध्यमातून देणार हे आधी ठरवा. मराठीतून द्यायची असेल तर घरापासून जाता-येता येईल अशी मराठी हायस्कुलं कोणती, ती लिहा. मग त्या हायस्कुलांत कोणत्या शाळांची मुलं येतात ते पाहा. तुमची सहावीची शाळा त्या यादीतूनच निवडा.

शाळेत गेल्यावर हेडमास्तरांना विचारण्याचा पहिला प्रश्न हाच: “गेल्या वर्षी सातवी झालेली मुलं आठवीला कुठं गेली?” दाखले त्यांनीच दिलेले असतात, त्यामुळे त्यांना हे नक्की माहीत असतं. आम्ही पाहिलेल्या एका शाळेत बाईंनी रजिस्टर न उघडता एकेका मुलाचं नाव घेऊन तो कुठल्या हायस्कुलात आहे ते सांगितलं. दुसरीकडे “जातात की कुठं कुठं” एवढंच उत्तर मिळालं. या एका उत्तरानं माझा निम्मा निर्णय झाला.

वाट आणि बस

शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे वरिष्ठ प्राथमिक शाळा साधारण तीन किलोमीटरच्या आत असावी. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जंगलातल्या वाड्यांना ते तीन किलोमीटर म्हणजे काय, हे तिथं राहणाऱ्यालाच ठाऊक. अंतर नकाशावर मोजू नका. शाळेच्या वेळेला स्वतः जाऊन या आणि एकदा संध्याकाळच्या बसनं परत या.

११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत मुलींना आणि महिलांना राज्यातल्या साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास आहे, त्यामुळे मुलीसाठी खर्चाचा प्रश्न राहिला नाही. मुलांना विद्यार्थी पास काढावा लागतो. खरा प्रश्न बस थांबते का, हा आहे. गच्च भरलेली गाडी पोरांना बघून स्टॉपच्या पुढं जाऊन थांबते, हे आपल्या भागातल्या सगळ्यांनी अनुभवलंय. स्टॉपवर उभ्या असलेल्या दोन-तीन मोठ्या पोरांना विचारा, ती खरं सांगतात.

खेड्यातून बेळगाव शहरातल्या शाळेत घालायचा विचार असेल तर घाई करू नका. राज्याच्या सीईटीतून, म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेतून, मिळणाऱ्या जागांत १५ टक्के ग्रामीण राखीव असतात आणि त्यासाठी पहिली ते दहावी, पूर्ण दहा वर्षं, राज्यातल्या ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. राज्य सरकारच्या नोकरभरतीतही ग्रामीण उमेदवारांसाठी अशीच दहा वर्षांची अट असलेलं आरक्षण आहे. सहावीला महापालिका हद्दीतल्या शाळेत नाव गेलं की ती साखळी तुटते आणि नंतर जोडता येत नाही. उत्पन्नाच्या आणि इतर अटी वेगळ्या लागतात, तरीही हे दार अकराव्या वर्षी नकळत बंद होऊ देऊ नये. मला हे एका निवृत्त गुरुजींनी सांगितलं, नाहीतर मीही शहराकडेच बघत होतो.

चंदगडच्या बाजूला, सीमेपलीकडच्या शाळेत घालणाऱ्यांनीही हिशेब करावा. तिथं मराठी निर्धास्त मिळते, पण कन्नड सुटते. शिवाय कर्नाटकातल्या सीईटीच्या जागांसाठी सर्वसाधारणपणे राज्यात किमान सात वर्षं शिक्षण झालेलं लागतं. मूल पुढे कोणत्या राज्यात शिकणार हे ठरवूनच पाऊल टाका.

घरबसल्या काय कळतं

प्रत्येक शाळेला अकरा आकडी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, असतो. कर्नाटकातला २९ ने सुरू होतो आणि बहुधा शाळेच्या फलकावर रंगवलेला असतो. केंद्र सरकारच्या यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर ‘नो युअर स्कूल’ मध्ये तो टाकला की माध्यम, वर्गवार पटसंख्या, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृह, पाणी अशी माहिती दिसते. आकडे मागच्या वर्षाचे असतात आणि ते शाळेनंच भरलेले असतात, एवढं ध्यानात ठेवा.

मी त्यात एकच गोष्ट बारकाईनं पाहतो: पाचवीत किती मुलं आणि सहावीत किती. पाचवीत अठरा आणि सहावीत नऊ असतील, तर गावच्याच लोकांनी त्या शाळेबद्दल काहीतरी ठरवलंय. ते काय ठरवलंय हे गावात विचारल्याशिवाय कळणार नाही. पट कमी आहे म्हणून शाळा वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. बारा मुलांच्या वर्गात शिक्षकाला प्रत्येकाची वही तपासता येते.

शोधताना आणखी एक गफलत टाळा. बेळगाव महसुली जिल्ह्यात दोन शैक्षणिक जिल्हे आहेत, बेळगाव आणि चिकोडी. बेळगाव आणि खानापूर पहिल्यात येतात, निपाणी दुसऱ्यात. निकालाच्या बातम्यांत दोघांचे आकडे वेगळे येतात.

शिक्षक: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

इमारत, रंग, स्मार्ट टीव्ही, भिंतीवरची चित्रं, ही सगळी नंतरची गोष्ट. सहावीपासून गणित आणि विज्ञान खरं वजन धरतात, आणि तिथं नेमकं कोण उभं आहे यावर मुलाची पुढची चार वर्षं ठरतात.

कायदा काय सांगतो ते आधी माहीत असू द्या, म्हणजे विचारताना पाय डगमगत नाहीत. सहावी ते आठवीसाठी दर ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. पट कितीही लहान असो, विज्ञान-गणिताला एक, समाजशास्त्राला एक आणि भाषांना एक, असे किमान तीन शिक्षक हवेत. या वर्गांची मुलं शंभरावर असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक हवा, शिवाय कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षक हवेत. वर्षाचे २२० दिवस शाळा भरायला हवी.

आता प्रत्यक्ष. “शिक्षक किती?” असं विचारू नका, “सात आहेत” असं उत्तर मिळतं आणि विषय संपतो. असं विचारा: सहावी-सातवीला गणित कोण शिकवतं? ते कायम आहेत की अतिथी शिक्षक? त्यांची स्वतःची पदवी कशातली? गेल्या जूनपासून मधे किती दिवस तो विषय शिक्षकाविना राहिला? बदलीच्या यादीत कुणाचं नाव आहे का?

अतिथी शिक्षक म्हणजे कमी प्रतीचा, असं मनात धरू नका. मी पाहिलेल्या चार शाळांत सगळ्यात जीव तोडून शिकवणारी बाई अतिथीच होती. अडचण नेमणुकीची आहे. ती वर्षापुरती असते आणि शाळा उघडल्यावर होते, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे कोरे जातात आणि पुढच्या वर्षी तीच बाई असेल याची खात्री नसते. ज्या शाळेत गणिताची जागाच अतिथीवर आहे, तिथं घरी किंवा गावात गणिताची दुसरी सोय आहे का, हे आधी बघून ठेवा.

मराठी शाळांत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो आणि तो विचारायला संकोचू नका: विज्ञान शिकवणारे शिक्षक मराठीतून शिकवतात का? जागा भरलेली दिसते, पण शिक्षकांचं स्वतःचं शिक्षण दुसऱ्या माध्यमातून झालेलं असतं आणि पुस्तकातली ‘अपवर्तन’, ‘लसावि’ ही भाषा त्यांच्या तोंडात बसलेली नसते. मूल मग पाठांतरावर येतं.

शाळेच्या फाटकाबाहेर एका आजींनी मला दोन वाक्यांत सगळं सांगितलं होतं: “शाळा बरी हाय, पोरांस्नी जेवान बी चांगलं देतात. खरं गणिताला मास्तर न्हाईत.” ती शाळा रंगरंगोटीत चारही शाळांत उजवी होती.

वही मागा

हेडमास्तरांची परवानगी काढून नेहमीच्या दिवशी जा. शनिवारी नको, सकाळची शाळा असते. प्रतिभा कारंजीच्या (शाळांच्या कला-गुण स्पर्धांच्या) आणि गणेशोत्सवाच्या आधीचे दिवस नको, सगळी शाळा तयारीत असते. मंगळवार-बुधवार, साडेअकराच्या सुमारास. सातवीच्या वर्गातल्या दोन मुलांच्या गणिताच्या वह्या बघायला मिळतील का, असं नम्रपणे विचारा. एक वही हुशार मुलाची दाखवतील, दुसरी मधल्या बाकावरची तुम्ही निवडा.

मधल्या बाकावरच्या एका मुलीची वही मी अजून विसरलेलो नाही. अपूर्णांकांचा भागाकार होता. तिनं दुसरा अपूर्णांक उलटा करायच्या ऐवजी पहिला उलटा केला होता, ओळीनं चारही उदाहरणांत. लाल शाईनं फुली मारून गप्प बसण्याऐवजी शिक्षकानं पहिल्या उदाहरणाशेजारी बाण काढून लिहिलं होतं, “कोणता उलटा? भाकरी आठवा.” खाली तिनं पुन्हा सोडवलं होतं, या वेळी बरोबर. भाकरीचं काय ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, “सरांनी सांगितलंय, अर्ध्या भाकरीत पाव वाटे किती बसतात. भाकरी उलटी करायची नाही, वाटा उलटा करायचा.” मी तिथंच ठरवलं.

दुसऱ्या एका शाळेत दहा वह्यांत दहा एकसारखी उत्तरं, एकाच ठिकाणी एकच शुद्धलेखनाची चूक, आणि प्रत्येक पानावर बरोबरची खूण. म्हणजे फळ्यावरून उतरवलेलं. तिथली मुलंही तितकीच गुणी होती, म्हणून जास्त वाईट वाटलं.

पुस्तकांबद्दल एक सूचना. आपल्याकडची मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तकं कर्नाटकाची आहेत, महाराष्ट्राची नाहीत. कोल्हापूर-गडहिंग्लजहून कुणी प्रेमानं आणलेलं गाईड मुलाच्या अभ्यासाला जुळत नाही. शाळा कोणती पुस्तकं वापरते आणि ती जूनमध्ये सगळ्यांना मिळाली का, हे विचारा.

कन्नड

या विषयावर घराघरांत वाद होतात, म्हणून माझं मत सरळ सांगतो. मराठी शाळा निवडणं आणि कन्नड नीट शिकणं यांत विरोध नाही. २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानं ती शाळांत सक्तीची आहेच, पण त्याहून मोठं कारण घरात आहे. शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो. रेशन कार्ड, वीजबिल, पोलिस ठाण्याचा कागद, तालुका कचेरीतली नोटीस, सगळं कन्नड. आपण सीमाभागातली माणसं कागद घेऊन दुसऱ्याच्या दारात वाचून घ्यायला जातो. आपल्या मुलांना तसं जावं लागू नये.

तेव्हा शाळेत विचारा: कन्नडला स्वतंत्र शिक्षक आहे का? आठवड्याला तास किती? या शाळेत पहिली, दुसरी आणि तिसरी भाषा कोणत्या आणि ज्या हायस्कुलात पुढे जायचं तिथंही तीच जोडी आहे का? भाषांचा क्रम बदलला तर आठवीत मुलाला नव्यानं जुळवून घ्यावं लागतं.

तपासायची सोपी पद्धत अशी. सातवीतल्या एखाद्या मुलाला बसची पाटी किंवा दुकानाचा फलक वाचायला सांगा. मग वीजबिलावरची मुदतीची ओळ वाचून ती मराठीत सांगायला सांगा. वाचलं आणि अर्थ सांगितला तर तिथं कन्नड शिकवलं जातंय. नुसतं अक्षर जुळवत राहिलं तर तास फक्त वेळापत्रकात आहे.

काही सरकारी शाळांत आता इंग्रजी माध्यमाच्या तुकड्या जोडल्या आहेत. तुमची शाळा त्यातली असेल तर इंग्रजी तुकडीला वेगळा शिक्षक दिलाय की मराठी तुकडीचाच शिक्षक दोन्हीकडे धावतोय, एवढं विचारा.

बाकीच्या गोष्टी

मुलींच्या स्वच्छतागृहात स्वतः जा, किंवा घरच्या बाईमाणसाला पाठवा. दाराला कडी आहे का, पाणी येतं का, कुलूप लावून किल्ली ऑफिसात तर नाही ना. सहावी-सातवीतल्या मुली यासाठी महिन्याचे चार दिवस शाळा बुडवतात आणि घरी कारण सांगत नाहीत. ही अट मी सोडत नाही.

दुपारचं जेवण, दूध आणि आठवड्यातली अंडी किंवा केळी सगळ्या सरकारी आणि अनुदानित शाळांत आहेत. तुलना करण्यासारखं एकच, स्वयंपाकघर. दोन मिनिटं डोकावा. छप्पर गळतंय का ते उन्हाळ्यात कळत नाही. जुलैत शेजारच्या माणसाला फोन करून विचारा.

पुढच्या हायस्कुलाचा निकाल कसा वाचावा

नुसते टक्के विचारू नका. परीक्षेला किती बसले, आठवीत किती दाखल झाले होते, गणितात आणि विज्ञानात किती नापास झाले, हे विचारा. आठवीत पन्नास आणि दहावीच्या परीक्षेला एकतीस असतील तर मधली एकोणीस मुलं कुठं गेली, हाच खरा निकाल. वेगवेगळ्या वर्षांचे टक्के एकमेकांशी लावू नका. २०२४ साली परीक्षागृहांत वेबकास्टिंग, म्हणजे कॅमेऱ्यांतून थेट देखरेख, आलं तेव्हा राज्याचाच दहावीचा निकाल ८३.८९ वरून ७३.४० टक्क्यांवर आला. त्याच वर्षी शेजारच्या हायस्कुलाचा किती लागला, ते बघा.

आठवीतल्या मुलांसाठीची एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा हा चांगला काटा आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या, घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांना त्यातून नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. गेल्या तीन वर्षांत किती मुलांना बसवलं, विचारा. किती उत्तीर्ण झाली ते नंतर. जी शाळा मुलांना बसवतच नाही, तिथं मुलांच्या पुढच्या वाटेकडे कुणाचं लक्ष नाही.

इतर वाटा

पाचवीत असतानाच नवोदयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचा, अर्ज भरा. आपल्या जिल्ह्याचं नवोदय चिकोडी तालुक्यात कोथळीला आहे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. आदर्श विद्यालय आणि मोरारजी देसाई निवासी शाळांतही प्रवेश परीक्षेनं सहावीला घेतात, पण तिथं मराठी माध्यम नाही. परीक्षा द्यायला हरकत नाही. निवड झाली नाही तर मन खट्टू करून घेऊ नका आणि गावची शाळा दुय्यम आहे असं मुलाला वाटू देऊ नका.

समिती, कागद आणि निर्णय

प्रत्येक सरकारी शाळेत एसडीएमसी, म्हणजे शाळा सुधारणा समिती असते आणि तिच्यात बहुसंख्य पालकच असतात. त्या समितीतल्या एखाद्या आईशी बोला. बैठक शेवटची कधी झाली, रिकाम्या जागेसाठी क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला का, हे ती सांगेल. जिथं समितीनं दोनदा-तीनदा अर्ज दिलेत, तिथं शिक्षक आज नसला तरी उद्या येण्याची आशा आहे. तोंडी माहिती मिळत नसेल तर माहिती हक्काचा अर्ज करा: शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत, आणि कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर, १५० शब्दांच्या आत लिहायचा.

आता वहीची पानं समोर ठेवा. गुणांची बेरीज करू नका. चांगल्या इमारतीचे आठ गुण गणिताच्या शिक्षकाची उणीव भरून काढत नाहीत. मी तीन अटी लाल शाईनं लिहिल्या होत्या: गणिताला माणूस आहे, मुलींचं स्वच्छतागृह वापरता येतं, आणि पुढे दहावीपर्यंत मराठीतून जायची वाट आहे. यातली एक जरी तुटली तरी ते पान बाजूला. उरलेल्या शाळांत मग अंतर, कन्नड आणि बाकीचं पाहिलं.

निर्णय झाला की जुन्या शाळेतून दाखला घ्या आणि त्यावर मुलाचा सॅट्स क्रमांक (राज्याच्या नोंदीतला विद्यार्थी क्रमांक), जन्मतारीख, जात आणि नावाचं स्पेलिंग तिथंच उभं राहून तपासा. आधार कार्डावर, कन्नड नोंदीत आणि इंग्रजीत नाव एकसारखं हवं. मराठी नावं कन्नडमधून इंग्रजीत जाताना बदलतात आणि ती चूक थेट दहावीच्या गुणपत्रिकेवर उमटते. दाखल्याला उशीर होतोय म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे कायद्यातच आहे. सरकारी शाळेत प्रवेशासाठी चाचणी किंवा देणगीही मागता येत नाही.

शाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी, जूनच्या मध्यावर, एकदा परत जा. वेळापत्रक बघा, गणिताच्या तासाला वर्गात कोण आहे ते बघा. आमच्या मुलीच्या वर्गात तेच सर होते, भाकरीवाले.